अडलेली रवी

बसा हितं, जरा टेका. चहा उकळतोय, तवर एक गोष्ट सांगतो. कपडं धुयाच्या मशीनीची गोष्ट हाय. तुमी म्हणाल, मशीनीची कसली आलीय गोष्ट? पर ही मशीन बोअरच्या कप्पीला अधांतरी लटकली हुती, खाली एक गडी हात जोडून हुबा हुता, आन जिची मशीन ती बाई यष्टीत बसून घराकडं निगाली हुती. आता ऐका.

अंथुर्ण्याला कालव्याच्या अंगाला आप्पासाहेबाची वस्ती. गडी तसा धा माणसांत उठून दिसणारा, मिशा पिळलेल्या, आवाज खणखणीत. पर बायकोपुढं मांजर. बायको बनाबाई. हाडानं काटकुळी, आन नजर अशी की वासरू दावं तोडायला लागलं तर हिनं नुसतं बगितलं की खाली बसायचं.

ह्या बनाबाईच्या जीवाभावाच्या वस्तू दोन. एक झूल आन एक मशीन.

झूल म्हंजी बैलाच्या पाठीवर पोळ्याला घालायची. लेक राजलक्ष्मी पोटात हुती त्या साली बनाबाईनं ती बसून शिवली. तांबडं मखमलीचं कापड, त्यावर आरसं, मधी दोन पोपट, आन चारी कोपऱ्याला दोरीचं गोंडं. आज लेकीची लेक शाळंत जाती, पर झूल अजून नवी. का? तर वरीसभर सांदुकीत, डांबरगोळ्या घालून. पोळ्याला एक दिस काढायची, मग रिठ्याच्या पाण्यात हातानं धुयाची, सावलीत वाळवायची, परत सांदुकीत.

आन मशीन आली भावाकडनं. बनाबाईचा भाऊ मोहनराव बारामतीत एका परदेशी सायबाच्या गाडीवर डायव्हर हुता. सायब त्याच्या देशी परत निगाला तवा म्हणाला, मोहन, सामानातलं तुला काय पायजे ते घे. मोहनरावानं टीव्ही सोडला, फ्रीज सोडला आन ही मशीन उचलली. कारण बहिणीचा खांदा कालव्याच्या पाटावर चादरी आपटून आपटून धरला हुता. मशीन सायबाच्या आईची, म्हंजी आपल्या आज्जीच्या काळातली. सगळी लोखंडी. टेम्पोतनं उतरवताना चार गडी वाकलं. झाकण वरनं, आन आत मधोमध एक जाडजूड हुबा खांब, त्याला खालच्या अंगाला पंखं. मशीन चालू केली की खांब गरागरा हिकडं फिरतो, गरागरा तिकडं फिरतो. बनाबाईनं पयल्या दिवशी आत डोकावलं आन म्हणाली, "आगं बया, ही तर रवी हाय! ताक घुसळावं तशी कापडं घुसळती!"

तवापासनं त्या खांबाला रवीच म्हणत्यात. दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घालत्यात तवा बनाबाई मशीनीला हळदकुंकू लावती. तिच्याबिगर मशीनीला हात लावायची कुणाची टाप न्हाय.

तर झालं काय, पोळा आला दोन दिवसांवर. बनाबाई निगाली बारामतीला, लेकीकडं. संगं नव्या भुईमुगाच्या शेंगांचं पोतं. बनाबाईच्या शेंगा म्हंजी बाजारात नाव हाय. मातीचा कण न्हाय, लख्ख, जणू कुणी एकेक शेंग पुसून ठेवल्याली. बायका इचारायच्या, वैनी, कशा वो धुता? तर ही म्हणायची, "पाटावर. अंगात बळ पायजे."

जाताना आप्पासाहेबाला सांगून गेली, "उद्या सांजच्याला बैलांच्या खांदमळणीला येते. बैलास्नी आवतान मीच देणार. आन सांदुकीला हात लावायचा न्हाय. झूल मी आल्यावर मी काढीन."

"न्हाय लावत," आप्पासाहेब म्हणाला.

आता शेजारचा म्हस्कू नसता तर त्यानं लावला बी नसता. म्हस्कू दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरनं वराडला, "आप्पा, औंदा माझ्या जोडीपुढं तुझा हरण्या फिका पडणार बग!"

एवढं बास झालं. आप्पासाहेबानं सांदूक उघडली, झूल काढली आन हरण्याच्या पाठीवर टाकली. "आता बग म्हस्क्या, फिका हाय का!" म्हस्कूनं मोबाईल काढला, फोटू घेतला. हरण्या बी असा मान वर करून हुबा राहिला की जणू त्येलाच फोटूचं कळतंय. आन फोटू झाल्याबरूबर, उनाचा कंटाळा आला आसंल, झुलीसकट खाली बसला. बसला तो बसला, शेणात बसला. वर आणिक अंग घासलं.

आप्पासाहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. झुलीचा एक पोपट हुता तसा, तर दुसरा शेणानं हिरवागार झाल्याला.

"रिठ्यानं धुवून टाक," म्हस्कू म्हणाला.

"वाळायला दोन दिस लागत्यात. ती सांजच्याला येती."

"मग मशीनीत टाक की, पिळून बी देती. माझी सून तर बुटं बी टाकती."

आन हितं आप्पासाहेबाची मती गेली. झूल मशीनीत घातली, मूठभर पावडर टाकली, बनाबाई करती तसं बटन फिरवलं. मशीन गुरगुरली, रवी गरागरा हिकडं गेली, गरागरा तिकडं गेली. आप्पासाहेब खूश. आन मग आतनं 'कर्र' आवाज आला आन मशीन जागच्या जागी थरथरायला लागली. त्यानं पळत जाऊन बटन बंद केलं, पाणी सोडून दिलं, आत बगितलं. झुलीच्या एका कोपऱ्याची दोरी गोंड्यासकट रवीच्या बुडाखाली गेलेली, आन रवी तिच्यावर चढून बसल्याली. वढली तर झूल फाटायला बगती. रवी हलवली तर हालत न्हाय.

आता बगा गड्याची कशी गत झाली. झूल कापावी तर ती बनाबाईनं हातानं शिवल्याली. रवी फोडावी तर मशीन बनाबाईच्या भावानं दिल्याली. दोन्हीतली एक गेली तर उद्या पोळ्याला बैलाला पुरणपोळी मिळंल, ह्याला मिळायची न्हाय. आन पोळीचं जाऊ द्या, बनाबाई एकदा रुसली की भांडत न्हाय, बोलतच न्हाय. आप्पासाहेबाला ते लई जड जायाचं. त्यापक्षा तिनं शिव्या दिलेल्या त्येला गोड लागायच्या.

त्यानं फिरोजला फोन लावला.

फिरोज भिगवण रोडला मोटारी भरायचं, म्हंजी जळलेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान चालवतो. इहिरीतली मोटार, बोअरमधली मोटार, पिठाच्या गिरणीची मोटार, समद्यांचा डॉक्टर त्योच. तरणा हाय, हसरा हाय, पर त्याची एक खोड हाय. दिसभर बोअरमधनं मोटारी वर वढायचं काम करतो, म्हणून त्येला जगातली हर एक गोष्ट वर वढली की निगती आसंच वाटतं.

आला, आत डोकावला, खांबाच्या डोक्यावरची टोपी काढली, आतला बोल्ट खोलला. बोल्ट निगाला तवा आप्पासाहेबाचा जीव भांड्यात पडला.

"झालं आप्पा. आता ह्यो अ‍ॅजिटेटर वर उचलला की हातात."

"काय म्हणतूस त्येला?"

"अ‍ॅजिटेटर."

"आमी रवी म्हणतो. उचल."

फिरोजनं उचलला. मग दोघांनी मिळून उचलला. मग आप्पासाहेबानं मशीनीला मिठी मारली आन फिरोजनं रवीला. रवी काय हलंना.

म्हस्कू भिंतीवर बसून बगत हुता. "आप्पा, हरण्याला जुंप की. त्येनंच घाण केलीय."

"तू गप. तुझ्यामुळं झालंय समदं."

"मी काय तुला मशीनीत घाल म्हणालो?"

"व्हय! म्हणालास!"

"आसं व्हय. मग मी म्हणालो आसंन," म्हस्कू म्हणाला आन बसल्या जागी पान लावायला लागला.

फिरोजनं दांडा घालून बगितला. गंज सोडवायचं तेल मारून बगितलं. रवीला गोंजारून बगितली, "चल माझी आई, चल," म्हणून. शेवटाला घाम पुसत म्हणाला, "आप्पा, आता कप्पी लावावी लागंल."

गाडीतनं लोखंडी पायपांचा तीन पायाचा घोडा काढला, अंगणात मशीनीवर हुबा केला, साखळीची कप्पी टांगली, हूक रवीच्या पंखाखालनं बांधलेल्या दोरीत अडकवला. साखळी वढायला लागला. दोरी ताणली. घोडा कुरकुरला. आप्पासाहेब म्हणाला, "येतीय, येतीय!"

येत हुती खरी. पर रवी एकटी येत न्हवती. रवीसंगं मशीन येत हुती. चारी पाय जमिनीपासनं सुटलं आन ती लोखंडाची म्हातारी अधांतरी लटकली, झोपाळ्यासारखी हळूहळू फिराय लागली, आन एका बाजूनं झूल खाली लोंबत हुती. त्यातला हिरवा पोपट सगळ्यांकडं तोंड करून.

"थांब! थांबव!" आप्पासाहेबानं दोन्ही हात जोडलं. मशीनीला जोडलं का देवाला, ते त्येलाच ठावं.

भिंतीवरनं 'टिक' आसा आवाज आला. म्हस्कूनं फोटू काढला.

"म्हस्क्या! काय केलंस?"

"स्टेटस टाकला. 'आप्पाच्या घरी पोळ्याची तयारी.' लोकास्नी कळू दे की."

"आरं काढ त्यो! काढ! माझ्या लेकीकडं तुझा नंबर हाय!"

म्हस्कू मोबाईलकडं बगत राह्यला. मग हळूच म्हणाला, "आप्पा... राजलक्ष्मीनं बगितला की रं."

तेवढ्यात आप्पासाहेबाच्या खिशातला फोन वाजला. त्यानं काढला, नाव बगितलं आन परत खिशात घातला. फोन वाजून वाजून गप झाला. परत वाजला न्हाय. आप्पासाहेबाला तेच वाईट वाटलं. बनाबाई फोन करायची थांबली म्हंजी ती यष्टीत बसली.

"फिरोज, खाली घे. काय बी कर, पर ती यायच्या आत रवी काढ."

"आप्पा, आता एकच राह्यलं. झुलीची दोरी कापतो. निसतं गोंडं जाईल."

आप्पासाहेबानं झूल हातात घेतली. कोपऱ्याला बारीक टाके हुते, जवळजवळ, एकाला एक चिकटून. ते साल त्येला आठवलं. बनाबाई पोट सांभाळत गोठ्याच्या दारात बसायची, सुई वढायची आन म्हणायची, पोरगी झाली तर बी बैलाला हीच घालायची, पोरगा झाला तर बी हीच. त्यानं झूल सोडली.

"न्हाय. कापायची न्हाय."

"मग पंख फोडू?"

"त्ये बी न्हाय."

"आप्पा, मग करायचं काय?"

"आता शिव्या खायाच्या," आप्पासाहेब म्हणाला आन पायरीवर बसला.

आळीतली माणसं बी गोळा झाली. मशीन खाली आली, पर घोडा तसाच हुबा, रवी तशीच घट्ट, झूल तशीच लोंबलेली. आन रस्त्यानं बनाबाई आली. खांद्याला रिकामं पोतं, पायात धूळ. गर्दी आपोआप बाजूला झाली. तिनं मशीनीत डोकावून बगितलं. झुलीचा कोपरा हातात घेतला. घोड्याकडं बगितलं, कप्पीकडं बगितलं, म्हस्कूकडं बगितलं. म्हस्कू भिंतीच्या पलीकडं उतरला, निसतं डोकं वर राह्यलं. मग नवऱ्याकडं बगितलं.

आप्पासाहेब म्हणाला, "दोरी कापली न्हाय. पंख बी फोडलं न्हाय."

त्येला वाटलं हुतं की आता ती घरात जाईल, दार लावंल, आन चार दिस बोलायची न्हाय. बनाबाईनं पदर खोचला.

"अडल्याली गाय अशी वढत्यात व्हय?"

"आँ?"

"वर टांगून? गेल्या साली कपिली अडली तवा वासराला कप्पी लावली हुती का आपण?" आन फिरोजकडं वळून म्हणाली, "चुलीवर हंडा हाय. कडकडीत पाणी आण. साबणाचा चुरा आण. आन तुमी, त्यो तमाशा बाजूला करा आदी."

बनाबाईच्या हातानं आख्ख्या वाडीतल्या अडलेल्या गायी मोकळ्या झाल्यात. डॉक्टर यीपतुर तिलाच बोलवत्यात. तिनं रवीच्या बुडाला गरम साबणाचं पाणी सोडलं आन तशीच हात लावून बसली, गायीच्या पोटाला लावावा तसा. फिरोज म्हणाला, "काकी, वढू?"

"दम धर. जरा ढिली पडू दे तिला."

मग तिनं मऊ सुती दोरी घेतली. एक टोक ह्या पंखाला, एक टोक त्या पंखाला. एक दोरी नवऱ्याच्या हातात दिली, एक फिरोजच्या. सोता कापडं बडवायची लाकडाची थापी घेतली आन रवीच्या डोक्यावर धरली.

"थापी वाजली की वढायचं. थांबली की सोडायचं. दोघांनी एकदम न्हाय. आदी ह्यांनी, मग तू. एक खांदा निगाला की दुसरा आपसूक येतो. ताणून धरलं तर गाय बी आखडती."

थापी वाजली. आप्पासाहेबानं वढलं, सोडलं. फिरोजनं वढलं, सोडलं. परत थापी. आणिक गरम पाणी. बनाबाई तोंडानं "हां... हां... आसं... आसं" करत हुती, आन गोठ्यातली कपिली खरीच कान टवकारून हिकडं बगायला लागली. म्हस्कूचं डोकं भिंतीवर एकेक इत वर चढत हुतं.

आन मग 'बद्' आसा आवाज झाला, चिखलातनं पाय निगावा तसा. रवी वर आली. आप्पासाहेब पाठीवर पडला, फिरोज ढुंगणावर, आन रवी दोघांच्या मधी. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "काय झालं, गोऱ्हा का कालवड?"

बनाबाईनं पयल्यांदा झुलीची दोरी सोडवली. गोंडा चेपला हुता, पर दोरी धड हुती. तिनं ती बोटांनी सरळ केली. आप्पासाहेबाच्या जीवात जीव आला.

मग तिघांनी मशीनीत डोकावलं, की एवढं अडलं तरी कशानं?

रवीच्या बुडाखाली, चक्राच्या भोवती, पेंडीसारखा घट्ट बसल्याला एक थर. तांबडी माती, आन त्या मातीत शेंगांची टरफलं. देठं. मुळ्या. दाणं. एका दाण्याला तर पांढराशुभ्र मोड आल्याला.

फिरोज उठला. "आवो काकी, ह्या तर शें..."

आप्पासाहेबानं त्याच्या पायावर पाय दिला. असा दिला की फिरोजच्या तोंडातलं पुढचं सगळं परत पोटात गेलं.

आप्पासाहेबानं बनाबाईकडं बगितलं. बनाबाई मशीनीकडं बगत हुती आन तिचं कान लाल झालं हुतं. सगळ्या बाजारानं नावाजलेल्या शेंगा. पाटावर धुतल्याल्या. अंगात बळ पायजे म्हणं. आख्खा जलम आप्पासाहेब जी वाट बगत हुता ती घडी आली हुती. आता एक शब्द बोलला असता तर मरंपतुर घरात त्याचंच चाललं असतं.

"काय निगालं रं आप्पा?" म्हस्कू भिंतीवर पुरा चढला, मोबाईल पुढं धरून. "सरक जरा, फोटू घिऊ दे."

आन आप्पासाहेबानं काय केलं, ती वली झूल उचलली आन मशीनीच्या तोंडावर पसरून टाकली. दोन्ही पोपट वर, गोंडं चारी बाजूला.

"शेण," तो म्हणाला.

"शेण?"

"झुलीचं शेण. खाली जाऊन घट्ट बसलं. माझाच गाढवपणा. काढ फोटू, आन टाक स्टेटसला. माझं नाव बी घाल."

म्हस्कूनं घातलं. आळी हसत हसत पांगली. दुसऱ्या दिवशी इंदापूरपतुर लोकं आप्पासाहेबाला चिडवत हुती, बैल बी मशीनीत घाल म्हणून. तो हसत हुता.

पर त्या सांजच्याला खांदमळणी झाली. बनाबाईनं हरण्याच्या खांद्याला हळद-तूप चोळलं, त्याच्या कानात वाकून आवतान दिलं, उद्या जेवायला या म्हणून. मग तिथंच बसल्याल्या नवऱ्याला म्हणाली, "तुमी बी या."

आप्पासाहेब काय एवढ्यावर गप बसतोय? म्हणाला, "पाटाला औंदा पाणी लई स्वच्छ हुतं वाटतं."

"चहात साखर घालू का राख?"

"साखर घाल."

"मग तोंड मिटा."

आन दोघं बी असं हसलं की गोठ्यातली जनावरं उठून हुबी राह्यली. मोड आलेला दाणा आप्पासाहेबानं गव्हाणीच्या कडंला मातीत खोचला. आता त्याचं चांगलं झुडूप झालंय. मशीन बी चालू हाय, निसती हिकडनं तिकडं जाताना जरा खोकती. आन झूल मशीनीवरच वाळवत्यात, का कुणास ठाऊक.

फिरोज तसा पोटात ठेवणारा गडी. त्यानं ह्ये कुणाला सांगितलं न्हाय. फकस्त मला सांगितलं. आन मी तुमास्नी.

म्हणून एक इनंती हाय. कवा अंथुर्ण्याला गेला तर आप्पासाहेबाच्या वस्तीवर जरूर जावा. बनाबाई ताटभर शेंगा पुढं ठेवंल. पोटभर खावा, कौतुक करा, जाताना पिशवीत बी घ्या. पर तेवढं, कुठं धुतल्या, ते इचारू नका बरं का.